तेल उडून मनगट भाजलंय, पाणी लावलं की फोड येतात हे खरंय का?

मीठभाकरी (जळगाव)
नमस्कार मंडळी, एका हाताने टाइप करतेय त्यामुळे चुका पोटात घाला. आज संकष्टी, साबुदाणा वडे तळत होते आणि एक वडा फाटकन फुटला, तेल उडालं ते थेट उजव्या मनगटावर आणि अंगठ्याच्या मुळाशी. दोन्हीकडे साधारण दोन रुपयाच्या नाण्याएवढी जागा लाल झालीय, नुसती आग आग होतेय, फोड अजून नाही. पहिल्यांदा नळाखाली हात धरला तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी, मे महिना, दुपारचे दोन, आमच्या जळगावचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, चटकाच बसला परत. सासूबाई कोलगेट घेऊन शेजारी उभ्या आहेत, म्हणतात पाणी लावलंस तर टरारून फोड येतील. समोरच्या काकू म्हणतात निळी शाई ओत. ह्यांना फोन केला तर ते मेडिकलमधून पिवळी ट्यूब घेऊन निघालेत. भाजून पंधरा एक मिनिटं झाली असतील. नक्की काय करू ते पटकन सांगा. आणि हातात हिरव्या बांगड्या आहेत त्या साबणाशिवाय निघत नाहीत, राहू देऊ का?

चहाबाज
बांगड्या आधी काढा!! साबण लावून काढा, नाही निघाल्या तर फोडा पण काढाच. अंगठी पण. अर्ध्या तासात हात सुजला की मग काचेची बांगडी मनगटात रुतते आणि ते प्रकरण तेलापेक्षा वाईट. बाकीचं जाणकार सांगतीलच.

पांढरा_ॲप्रन
ताई, सरकारी दवाखान्यात जळीत वॉर्डात नर्स आहे, त्यामुळे हे रोजचं काम. आधी करा मग वाचा: माठ आहे ना घरात? माठातलं पाणी मोठ्या पातेल्यात काढा आणि हात मनगटाच्या वरपर्यंत त्यात बुडवून बसा. वीस मिनिटं. घड्याळ लावून. पाणी कोमट झालं की बदला. माठ रिकामा होत आला तर कोणाला तरी सांगून फ्रिजमधली एक बाटली साध्या पाण्यात मिसळून घ्या, नुसतं फ्रिजचं गारेगार नको आणि बर्फ तर अजिबात नको. टाकीचं तापलेलं पाणी उपयोगाचं नाही हे तुम्ही बरोबर ओळखलंत, बरेच जण नळाखाली हात धरून समाधान मानतात आणि पाणी असतं चाळीस अंशांचं.

आता बसल्या बसल्या वाचा. पाण्याने फोड येतात हे मी रोज ऐकते, पेशंटच्या नातेवाइकांकडून तर ऐकतेच पण माझ्या स्वतःच्या मावशीकडूनही ऐकते. फोडात जे पाणी असतं ते नळाचं नसतं हो. कातडीचा वरचा थर खालच्या थरापासून सुटतो आणि मधल्या जागेत आपल्याच रक्तवाहिन्यांतून झिरपलेला द्रव साचतो. किती खोलवर भाजलंय त्यावर फोड येणार की नाही हे ठरतं, आणि तो यायला थोडा वेळ लागतो. म्हणजे काय होतं, आपण पाणी लावतो, तासाभराने फोड येतो आणि आळ पाण्यावर. फोड यायचा असेल तर कोलगेट लावूनही येतो, फक्त त्या पांढऱ्या थराखाली दिसत नाही इतकंच.

पाणी कशासाठी तर, गॅस बंद केला तरी कढईतलं तेल लगेच गार होतं का? तसंच कातडीचं. वरून तेल पुसलं तरी आत शिरलेली उष्णता खालच्या थरांना भाजत राहते. ती बाहेर काढायला वेळ लागतो म्हणून वीस मिनिटं, दोन मिनिटात आग कमी वाटली म्हणून हात बाहेर काढायचा नाही. भाजल्यापासून तीन तासांच्या आत कधीही गार केलं तरी फायदा होतो, त्यामुळे तुमची पंधरा मिनिटं गेली म्हणून घाबरू नका. बर्फाने मात्र उलटं होतं, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, आधीच दुखावलेल्या कातडीला रक्त पोचत नाही आणि जखम अजून खोल जाते.

कोलगेटने गार वाटतं ते त्यातल्या पुदिन्याच्या अर्कामुळे, उष्णता काही बाहेर निघत नाही. आणि ती वाळल्यावर खरवडून काढायची वेळ आमच्यावर येते तेव्हा पेशंट जे ओरडतो ते सासूबाईंनी एकदा ऐकायला हवं (सासूबाईंना नमस्कार सांगा, रागवू नका म्हणावं). शाईचंही तेच, रंगाखाली कातडी लाल आहे का पांढरी पडलीय तेच डॉक्टरला कळत नाही. पिवळ्या ट्यूबचीही घाई करायचं काही कारण नाही. ह्यांना म्हणावं आणलीच असेल तर राहू दे कपाटात, त्यापेक्षा येताना पॅराफिनची जाळी (जखमेला न चिकटणारी तेलकट पट्टी) आणि साधा गॉझ घेऊन या.

गावाकडचा_गणू
नर्सताई तुमचा मान राखून बोलतो, पण आमच्या आजीने अख्खी हयात चुलीवर काढली, भाजलं की कोरफड नाहीतर तूप, जास्तच असेल तर हळद. कोणाला काही झालं नाही. चुलीवर भाजलेलं बोट ती परत विस्तवाजवळ धरायला लावायची, म्हणायची उष्णाला उष्ण उतारा. आणि आग जायची हो खरंच. सगळंच जुनं ते चुकीचं असं धरून चालायचं का?

पांढरा_ॲप्रन
गणूभाऊ, सगळंच चूक असं मी म्हटलंच नाही. चटका बसून बोट नुसतं लाल झालं असेल तर ते काहीही न करता सुद्धा आठवड्याभरात बरं होतं, त्याला तूप लावा, कोरफड लावा, नाहीतर देवाचं नाव घ्या. श्रेय ज्याला द्यायचं त्याला द्या. प्रश्न येतो तो जरा खोल भाजलं तर. तूप-लोणी आत उष्णता धरून ठेवतं. स्वयंपाकाच्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते, डब्यात चमचा कुठला कुठला फिरलेला असतो, ती फुटलेल्या फोडावर टाकली की जंतूंना आयतं आमंत्रण. कोरफडीबद्दल माझं भांडण नाही, पूर्ण गार करून झाल्यावर, कातडी फुटलेली नसेल तर गर लावा, बरं वाटतं. पण विस्तवाजवळ बोट धरायचं ते मात्र कृपा करून लहान पोरांना शिकवू नका. आग गेल्यासारखी वाटली तरी ते परत भाजणंच असतं.

सायनवाला_पोऱ्या
जुन्या उपायांवरून आठवलं म्हणून लिहितो, कारण ह्यात आपल्या मुंबईचा मोठा हात आहे आणि फार कोणाला माहीत नसतं. बटाट्याची सालं भाजलेल्यावर लावायचा प्रकार मुंबईतल्या वाडिया बालरुग्णालयात खरंच वापरून पाहिला होता, 1985 च्या सुमाराला त्याबद्दल वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलंय. आणि केळीच्या पानाचं ड्रेसिंग, त्याच्यावर सायन हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी काम केलं, आपल्याकडे पान स्वस्त, जखमेला चिकटत नाही, ड्रेसिंग बदलताना पेशंटला कमी दुखतं. सायनलाच 2000 साली त्वचापेढी सुरू झाली, म्हणजे नेत्रदानासारखं त्वचादान, मेल्यानंतर काही तासांत घेतात. पण गंमत बघा, लोक ह्यातून काय घेतात तर "बघा डॉक्टरसुद्धा बटाटा लावतात" आणि कच्चा बटाटा किसून थापतात. तिथे सालं उकडून, गॉझवर लावून, निर्जंतुक करून वापरली होती आणि जखम आधी नीट धुतलेली होती. कच्च्या किसाचा आणि त्याचा काही संबंध नाही. उपाय जुना होता पण तो दवाखान्यातून फिरून आला तेव्हा कामाचा झाला.

मीठभाकरी (जळगाव)
मंडळी खूप खूप आभार. बांगड्या निघाल्या, दोन फुटल्या त्यावरून सासूबाईंचं तोंड जरा उतरलं पण आता त्याच माठ भरून भरून पाणी आणून देतायत. वीस मिनिटं म्हणजे किती मोठी असतात हो!! बारा मिनिटांनी वाटलं झालं आता. आग आता बरीच कमी आहे. अंगठ्याच्या मुळाशी मात्र एक छोटा फोड दिसायला लागलाय, शेंगदाण्याएवढा. सासूबाई "बघ मी म्हटलं नव्हतं" अशा नजरेने बघतायत. तो फोडू का? आणि दवाखान्यात जाऊ की घरीच बघू? संध्याकाळी चंद्रोदयानंतर सगळ्यांचं जेवण करायचंय, भाकऱ्या थापायच्या आहेत.

पांढरा_ॲप्रन
फोड फोडायचा नाही. सुईने तर नाहीच, आमच्याकडे लोक मेणबत्तीवर सुई धरून फोडून येतात. तो तुमच्या कातडीनेच केलेला निर्जंतुक पट्टीचा तुकडा आहे असं समजा. आपोआप फुटला तर साध्या साबणाने आणि स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवा, वरची मोकळी कातडी ओढून काढू नका, पॅराफिनची जाळी आणि वर गॉझ. कापूस डायरेक्ट लावू नका, त्याचे धागे जखमेत चिकटतात. जाळी मिळेपर्यंत घरातला ती चिकटणारी पारदर्शक प्लास्टिक फिल्म असेल, डबे झाकायची, तिचा सुरुवातीचा एक फेरा फेकून द्या आणि पुढचा तुकडा नुसता वर ठेवा, गुंडाळू नका. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, नेहमी चालत असेल तरच.

दवाखान्याचं म्हणाल तर आपला स्वतःचा तळहात बोटांसकट मोजला तर अंगाच्या साधारण एक टक्का भरतो. फोड आलेली जागा त्याहून मोठी असेल तर दाखवायचंच. त्याहून लहान असली तरी चेहरा, मान, हात, पाय, सांध्याच्या जागा, नाजूक अवयव इथे फोड आले तर दाखवावं, कारण कातडी आकसली की बोट वळत नाही, पापणी मिटत नाही. तुमचं अंगठ्याच्या मुळाशी आहे, फोड छोटा आहे हे खरं, पण हात आहे आणि उजवा आहे, त्यामुळे उद्या सकाळी जवळच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं तेही आठवून ठेवा. कातडी पांढरी, करपलेली किंवा चामड्यासारखी कडक दिसत असेल आणि गंमत म्हणजे दुखत नसेल, तर खूष व्हायचं नाही, तिथे खोल भाजलंय, ताबडतोब दवाखाना. विजेचा शॉक बसून भाजलं किंवा ॲसिड सांडलं तर जागा कितीही लहान असो, तेच. मोठं काही असेल तर 108.

आणि भाकऱ्या आज दुसरं कोणीतरी थापेल. आग ओकणाऱ्या तव्यासमोर ताजं भाजलेलं मनगट धरणं म्हणजे शिक्षाच आहे.

चहाबाज
ह्यांना थापायला लावा. ट्यूब आणण्यापेक्षा तेवढं बरं.

दोन_पोरांची_आई
ह्यात लहान मुलांचं पण लिहाल का कोणी, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये मागच्या महिन्यात दीड वर्षाच्या बाळाने टीपॉयवरचा चहाचा कप ओढला आणि छातीवर सांडला, आईने घाबरून फ्रॉक न काढता वरूनच टॉवेल गुंडाळला आणि रिक्षा पकडली. नंतर सगळे एकमेकांना दोष देत बसले ते वेगळं.

पांढरा_ॲप्रन
चहाच सगळ्यात जास्त. लोकांना वाटतं आगीने भाजतं, पण आमच्याकडे लहान मुलं येतात ती चहा, आमटी, डाळ आणि आंघोळीच्या कडकडीत पाण्याने. लहान मुलांची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ, साठ अंशांचं पाणी त्यांना काही सेकंदात खोल भाजतं आणि ताजा चहा त्याच्याही पुढे असतो. कपडा लगेच काढायचा, कारण भिजलेला कपडा गरम पाणी कातडीला धरून ठेवतो, फक्त चिकटला असेल तर ओढायचा नाही, कडेने कापायचा. डायपर असेल तर तोही काढा, त्यात गरम पाणी शोषून राहतं हे कोणाच्या लक्षातच येत नाही. मग भाजलेल्या भागावर पाणी आणि बाकी अंग पांघरुणात, कारण तान्ह्या मुलाला वीस मिनिटं भिजवलं की अंगच गार पडतं. पाच वर्षांखालचं मूल, म्हातारं माणूस आणि डायबेटिसवाले, ह्यांचं थोडं भाजलं तरी दाखवायचंच. डायबेटिसवाल्यांचं तर गरम पाण्याच्या रबरी पिशवीने तळपाय भाजतात आणि त्यांना कळत सुद्धा नाही, सकाळी सून बघते तेव्हा फोड.

जर्सी_सिटीकर
आमच्याकडे उलटी तऱ्हा, जानेवारीत नळाचं गार पाणी असलं भयंकर थंड येतं की हात बधिर होतो. तिथे काय, गरम नळ थोडा मिसळायचा ना? आणि इथल्या मेडिकलमध्ये सिल्व्हर सल्फाडायझिन (भाजल्यावर लावायचं क्रीम) प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही, म्हणून भारतातून येताना प्रत्येक जण दोन-दोन ट्यूबा आणतो.

पांढरा_ॲप्रन
हो, थोडं मिसळा, सुसह्य गार हवं, पंधरा अंशांच्या आसपास उत्तम. त्या क्रीमचं म्हणाल तर मनाने लावू नका. सल्फाची ॲलर्जी असेल तर पुरळ येतं, गरोदरपणाच्या शेवटी आणि अगदी तान्ह्या बाळाला ते देत नाहीत, आणि साध्या छोट्या फोडाला त्याने भरून यायला उलट वेळ लागू शकतो. डॉक्टरने बघून सांगितलं तर जरूर लावा. फोडाभोवती लाली पसरत गेली, पू आला, वास यायला लागला, ताप आला किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं तर मात्र ट्यूब शोधत बसू नका, डॉक्टरकडे जा.

तिखटजाळ
विषयांतर होतंय पण विचारतेच. ठेचा केला की माझे हात रात्रभर जळतात, ह्याला पण माठाचं पाणी का?

सायनवाला_पोऱ्या
नाही, ते भाजणं नव्हेच. मिरचीतला तिखट घटक पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. त्यामुळे पाण्याने धुतलं की उलट सगळ्या हाताला पसरतं. आधी हाताला खाद्यतेल चोळा, मग भांड्याच्या साबणाने स्वच्छ धुवा, दोनदा करा. डोळ्याला हात लावू नका एवढं सांगायची गरज नसावी. सगळ्यात बरं म्हणजे ठेचा करताना हातात प्लास्टिकची पिशवी घालायची.

खानदेशी_खमंग
सगळ्यांनी भाजल्यानंतरचं लिहिलं, वडा फुटला का त्यावर कोणीच बोलत नाही म्हणून मी लिहिते. साबुदाण्याच्या आत पाणी अडकलेलं असतं. भिजवताना पाणी जास्त झालं किंवा साबुदाणा नीट निथळला नाही तर तळताना त्या पाण्याची वाफ होते आणि बाहेरचा थर कडक झाला की तिला वाट राहत नाही, मग फुटतो. साबुदाणा दोन बोटांत चिरडून बघायचा, मध्ये कडक कणी लागता कामा नये पण पाणीही सुटता कामा नये. भिजवल्यावर चाळणीत चांगला तासभर निथळू द्यायचा. बटाटा चिकट आणि पाणीदार असेल तर दाण्याचं कूट जरा जास्त घालायचं, ते ओल शोषून घेतं. वडा जाड गोळा न करता चपटा थापायचा आणि मध्ये बोटाने हलकं भोक पाडायचं, मेदूवड्याला पाडतो तसं. मिरचीचे तुकडे बारीक हवेत, अख्खी मिरची किंवा लांब चीर घातली तर तीच पहिली फुटते. तेल मध्यम तापलेलं, धूर निघेपर्यंत तापवून गॅस मंद करायचा असले उद्योग करू नका. वडा हाताने सोडताना वरून टाकायचा नाही, कढईच्या कडेने सरकवायचा, आणि झाऱ्यावर ठेवून सोडला तर त्याहून बरं.

आणि अजून एक, कढईतलं तेल पेटलंच कधी तर पाणी नका ओतू, भडका छतापर्यंत जातो. गॅस बंद करायचा आणि वर घट्ट झाकण किंवा परात, आणि ती कढई लगेच उचलून मोरीकडे पळवायची नाही, आहे तिथेच गार होऊ द्यायची.

मीठभाकरी (जळगाव)
दुसऱ्या दिवशीचं अपडेट देते. सकाळी डॉक्टरांना दाखवून आले, फोड तसाच आहे, न फुटलेला. त्यांनी जाळी लावून दिली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, त्याला हल्ली टीडी म्हणतात म्हणे. मनगटावरची लाली बरीच उतरलीय, अंगठा वळतोय. फक्त भांडी घासताना पट्टी भिजते, त्याला काय करता तुम्ही लोक? आणि डाग राहील का? लग्नं आहेत घरात पुढच्या महिन्यात दोन.

पांढरा_ॲप्रन
भांड्यांसाठी मोठा रबरी हातमोजा, मनगटाच्या वर येणारा, आणि काम झालं की लगेच काढा, आत घाम साचू देऊ नका. पट्टी भिजलीच तर बदलायची, ओली ठेवायची नाही. अंगठा दिवसातून अधूनमधून पूर्ण वळवत राहा, दुखतो म्हणून ताठ धरून बसू नका. नुसतं लाल झालं होतं तिथे बहुतेक डाग राहत नाही. फोडाच्या जागी आपल्या सावळ्या कातडीवर काही महिने काळसर किंवा फिकट चट्टा दिसतो, मग हळूहळू मिसळतो. कातडी पूर्ण भरून आली की खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावा, खाज सुटेल ती बरं होतानाची आहे, नखाने खाजवू नका. आणि जळगावच्या उन्हात बाहेर पडाल तेव्हा तो भाग बाहीने झाका, नव्या कातडीला ऊन लागलं की चट्टा गडद होऊन तसाच राहतो. लग्नात मेंदी काढणार असाल तर कातडी पूर्ण बंद झाल्याशिवाय त्या जागेवर नको, आणि ती झटपट रंगणारी काळी मेंदी तर मुळीच नको, त्यातल्या रसायनाने चांगल्या कातडीवरही फोड येतात.

चहाबाज
भाकऱ्या कोणी थापल्या शेवटी?

मीठभाकरी (जळगाव)
भगर केली. ह्यांनी. पाणी जास्त झालं पण गिळली सगळ्यांनी.